रोगाचे नुकसान आणि रोग्याचे मोल

एखादा रोग गावास किती रुपयांस पडतो, हा प्रश्न ऐकावयास सावकारी वाटतो. मनुष्याचे दुःख रुपयांत मोजणे बरे काय, असे कोणीही विचारील. परंतु सरकारचा खजिना परिमित आहे, आणि तो कोणत्या औषधावर, लशीवर किंवा दवाखान्यावर खर्चावा हे ठरविणाऱ्यांस काही तरी मोजणे भागच पडते. ह्यासाठी उपचाराचा खर्च व त्यापासून येणारा गुण ह्यांची तुलना करणारे एक शास्त्र निर्माण झाले आहे. खर्चाच्या यादीत काय काय लिहावे, हा त्या शास्त्रातील वाद अद्याप मिटलेला नाही. केवळ दवाखान्याचा खर्च लिहावा, की रोगामुळे घरावर व गावावर जो भार पडतो तोही लिहावा?

क्षयरोगाचे उदाहरण घेऊ. तो आपल्या खेड्यांस अपरिचित नाही. सरकारी दवाखान्यात त्याची तपासणी व औषधे फुकट मिळतात. साधा क्षय असल्यास सहा महिने गोळ्या घ्याव्या लागतात. गोळ्यांची किंमत, तपासणीचा खर्च व नोकरांचा पगार लिहिला म्हणजे दवाखान्याची वही पुरी झाली. आता रोग्याच्या घरी चला. रोग ओळखला जाण्यापूर्वीच खोकल्याच्या बाटल्यांत व खाजगी डॉक्टरांच्या फीत हातचा पैसा गेलेला असतो. मग तालुक्यास जाण्यायेण्याचे भाडे, सोबत जाणाऱ्याचा बुडालेला रोज, अंगात शक्ती यावी म्हणून आणलेली अंडी व दूध. घरची माउलीच आजारी पडली तर चूल, पाणी व तान्हे मूल मोठ्या मुलीच्या अंगावर पडते आणि तिची शाळा सुटते. शेवटी गोठ्यातील शेळी बाजारात जाते. ह्यांपैकी एकही ओळ दवाखान्याच्या वहीत नाही.

हे जाणूनच जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या क्षयनिवारणाच्या धोरणात असे ध्येय ठेवले होते की, २०२० पर्यंत क्षयापायी एकही कुटुंब उद्ध्वस्त होऊ नये. उपचार, भाडे व आहार ह्यांचा खर्च आणि बुडालेली कमाई मिळून घराच्या वार्षिक उत्पन्नाच्या २० टक्क्यांहून अधिक रक्कम गेली, तर ते घर उद्ध्वस्त झाले असे मानावयाचे. ते ध्येय साधले नाही. ज्या देशांत पाहणी झाली, तेथे सरासरीने सुमारे निम्म्या क्षयरोग्यांच्या घरांवर असा भार पडल्याचे आढळले. आपल्या देशात एप्रिल २०१८ पासून क्षयरोग्यास आहारासाठी दरमहा ५०० रुपये मिळू लागले, आणि नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. ही मदत लहान नव्हे; परंतु महिनाभराच्या बुडालेल्या मजुरीशी ती ताडून पाहावी.

तर मग सर्वच नुकसान रुपयांत मांडावे, असे कोणी म्हणेल. वाचकहो, येथे सावध राहिले पाहिजे. इंग्लंडात विल्यम पेटी नावाचा एक वैद्य होऊन गेला. त्याने १६६५ साली लोकांच्या श्रमाच्या कमाईवरून दर माणशी ६९ पौंड असे मोल काढले, आणि प्लेगाने एक लाख माणसे अधिक मेली तर राज्याचे सुमारे ७० लक्ष पौंड बुडतात, म्हणून प्लेग टाळण्यास पैसा खर्चणे शहाणपणाचे आहे, असे दाखविले. हा विचार दयेचाच दिसतो. परंतु ह्याच गृहस्थाने पुढे आयर्लंडातील युद्धात नाश पावलेल्या लोकांचा हिशेब करताना, गुलामांच्या बाजारभावास अनुसरून त्यांचे मोल दर माणशी १५ पौंड धरले. लेखणी तीच, गणितही तेच. केवळ दर बदलला.

कमाईवरून मोल काढण्याच्या रीतीत हा दोष आजही आहे. गिरणीच्या मालकाचा एक महिना शेतमजुराच्या कित्येक वर्षांस भारी होतो. खाटेवरच्या आजीचे मोल शून्य होते. ज्या बाईस कोणी मजुरी देत नाही तिचेही शून्यच झाले असते. परंतु अमेरिकेत डॉरोथी राइस ह्या बाईंनी १९६६ साली रोगांच्या खर्चाचा हिशेब केला तेव्हा गृहिणीच्या कामास घरकाम करणाऱ्या नोकराणीच्या पगाराइतके मोल दिले. शून्यापेक्षा ते बरे. आपल्या देशाच्या २०२४ सालच्या वेळेच्या पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात रोज सरासरी २८९ मिनिटे घालवितात व पुरुष ८८, असे दिसले. इतके काम बंद पडते तेव्हा काही बुडाले नाही, असे कोणता हिशेबनीस म्हणेल? नेदरलँड्समधील काही विद्वानांनी १९९० च्या दशकात दुसरी रीत काढली. आजाऱ्याच्या जागी नवा माणूस येईपर्यंतच धन्याचे नुकसान धरावयाचे. जेथे कामावर घेण्यास दहा जण दारात उभे असतात, तेथे ह्या रीतीने मजुराचे आजारपण जवळजवळ फुकटच ठरेल!

म्हणून निरनिराळ्या देशांनी निरनिराळे मार्ग धरले आहेत. इंग्लंडातील मंडळ मुख्यतः सरकारी आरोग्यसेवेचा व समाजसेवेचा खर्च पाहते. नेदरलँड्समध्ये साऱ्या समाजाचा पाहतात. अमेरिकेतील पंडितांनी २०१६ साली दोन्ही पत्रके शेजारी शेजारी मांडावी असे सुचविले. आपल्या देशात २०१७ पासून ह्या कामी जी व्यवस्था झाली आहे, ती सरकारी खर्चाबरोबर रोग्याच्या खिशातून गेलेला पैसाही धरते.

माझ्या मते दोन पत्रकांची सूचना योग्य आहे, परंतु त्यांची कामे निराळी असावी. औषधाचा गुण निरोगी आयुष्याच्या वर्षांत मोजावा, आणि त्यात मालकाचे वर्ष व मजुराचे वर्ष सारखेच धरावे. कोणाचा उपचार आधी, हे त्यावरून ठरावे. घराचे नुकसान दुसऱ्या पत्रकात लिहावे, आणि त्या घरास किती साहाय्य द्यावे हे त्यावरून ठरावे. मजुरी, शुश्रूषा व शाळा ह्यांचे बुडालेले दिवस तेथे दिवस म्हणूनच मांडावे. दिवस व रुपये ह्यांची बेरीज होत नाही, अशी तक्रार हिशेबनीस करतील. ती मला मान्य आहे. बेरीज सोपी व्हावी म्हणून आजीस शून्य लिहिण्यापेक्षा ती अवघड राहिलेली बरी. दिवसांच्या रकान्यातही आजीच्या नावे फारसे पडणार नाही. पण तिच्या उशाशी रात्री जागणाऱ्या सुनेच्या नावे पडेल.

क्षयरोग्यांच्या खर्चाच्या पाहणीत असे प्रश्न खरोखर विचारले जातात: काय विकले, कर्ज कोणाकडून काढले, कोणत्या मुलाची शाळा सुटली. खेड्यात घरोघर जाणाऱ्या आपल्या सेवकांस ही उत्तरे बहुधा न विचारताही ठाऊक असतात.