दुसरा डोळा

आठवीच्या वर्गात आम्ही दरवर्षी एक छोटा प्रयोग करून घेतो. कागदावर डावीकडे एक फुली आणि तिच्या उजवीकडे सुमारे ८ सेंटिमीटरवर एक ठळक ठिपका काढायचा. डावा डोळा झाकून उजव्या डोळ्याने फुलीकडेच पाहत राहायचे आणि कागद सावकाश मागेपुढे करायचा. साधारण फूटभर अंतरावर ठिपका नाहीसा होतो. मुले ओरडतात, "सर, गायब!"

डोळ्याच्या पडद्यावर ज्या जागेतून नस मेंदूकडे निघते, तेथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. हा अंधबिंदू फ्रान्सच्या मॅरियट यांनी १६६० च्या दशकात दाखवून दिला. पण खरे नवल पुढेच आहे. ठिपक्याच्या जागी काळे भोक दिसत नाही, कोरा कागद दिसतो. मेंदू आजूबाजूचा पांढरा रंग घेऊन तेथे ठिगळ लावतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागू देत नाही.

मेंदूचे हे ठिगळकाम डोळ्यांपुरतेच थांबते का? मेंदूचे दोन अर्धगोल तंतूंच्या एका जाड पट्ट्याने जोडलेले असतात. फेफऱ्याच्या तीव्र आजारात काही रुग्णांचा हा पट्टा शस्त्रक्रियेने कापला गेला. अशा रुग्णांवरील संशोधनासाठी रॉजर स्पेरी यांना १९८१ साली नोबेल मिळाले. त्यांचे शिष्य मायकेल गझानिगा यांनी १९७० च्या दशकात अशाच एका रुग्णाच्या डाव्या मेंदूला कोंबडीचा पंजा आणि उजव्या मेंदूला बर्फाचे दृश्य दाखवले. समोरच्या चित्रांतून त्याच्या उजव्या हाताने कोंबडी निवडली, डाव्या हाताने फावडे. बोलणारा मेंदू डावा. त्याने बर्फ पाहिलेच नव्हते. तरीही "फावडे का?" असे विचारताच रुग्णाने लगेच सांगितले की, कोंबड्यांचे खुराडे साफ करायला फावडे लागतेच! तो खोटे बोलत नव्हता. त्याला ते खरेच वाटत होते.

हे वाचले तेव्हा आम्हाला आमचीच एक गोष्ट आठवली. एकदा उशिरा आलेल्या एका मुलाला आम्ही तासभर वर्गाबाहेर उभे केले. वडील विचारायला आले, तेव्हा आम्ही शिस्तीवर लांबलचक भाषण दिले. आमचा त्या भाषणावर पूर्ण विश्वास होता. ते गेल्यावर पहिल्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, तो कालही उशिरा आला होता. काल तुम्ही काहीच बोलला नाहीत." त्या दिवशी सकाळी हजेरीपटावरून आम्हाला चार शिक्षकांसमोर बोलणी खावी लागली होती. तो राग मुलावर निघाला. शिस्त हे मागाहून लावलेले ठिगळ होते.

मग प्रश्न पडतो, आपण खोटे बोलतो आहोत हे ज्याला स्वतःलाच ठाऊक नाही, तो गुन्हेगार कसा? आम्हाला वाटते, ठिगळ लावणे हा मेंदूचा स्वभाव आहे, त्याचा दोष नाही. पण कोणी ते ठिगळ दाखवून दिल्यावर "लहान तोंडी मोठा घास" म्हणून त्याला गप्प करणे, हा मात्र आपला निर्णय असतो. गुन्हा तेथून सुरू होतो. घरात, मोहल्ल्यात, दोन समाजांच्या भांडणातही हेच घडते. जो तो आपले कारण खरे मानतो आणि ते तपासू पाहणाऱ्याला शत्रू समजतो.

त्या प्रयोगाचा शेवटचा भाग आम्ही पूर्वी घाईत उरकत असू. आता तेथेच अधिक वेळ थांबतो. झाकलेला डोळा उघडला की ठिपका पुन्हा दिसतो, कारण एका डोळ्याचा अंधबिंदू जेथे पडतो, तेथे दुसऱ्या डोळ्याला दिसत असते. स्वतःच्या मनाला मात्र असा दुसरा डोळा नाही. तो समोरच्या माणसाकडे असतो. त्या दिवशी तो पहिल्या बाकावर होता. दुसऱ्या दिवशी आम्ही भर वर्गात त्या मुलाची माफी मागितली. भाषणाइतके ते सोपे गेले नाही.