अनुभव आणि अधिकार

गर्भवती स्त्रिया एकमेकींजवळ मनातील भय बोलून दाखवितात, चार अनुभवाचे शब्द ऐकतात. ह्या शब्दांना प्रमाण मानावे काय? त्यांत एक वैगुण्य असते: जी बाळंतपणातून वाचली तीच सांगते, जी गेली तिची साक्ष माजघरापर्यंत पोहोचत नाही. म्हणून त्यांना केवळ अज्ञान ठरविणे मात्र अन्यायाचे होईल. जिला पुरुष-डॉक्टरापुढे लाज वाटते तिला प्रश्नच विचारता येत नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाला शास्त्र उत्तर देत नाही.

आनंदीबाई जोशी ह्यांना दोन्ही बाजू ठाऊक होत्या. चौदाव्या वर्षी झालेला त्यांचा मुलगा दहा दिवसांत दगावला. फेब्रुवारी १८८३ मध्ये हुगळीकाठच्या श्रीरामपुरात भाषण करून त्यांनी हिंदू स्त्री-डॉक्टरांची निकड मांडली. ७ एप्रिलला कलकत्त्याहून निघालेली त्यांची आगबोट खिदिरपूरच्या काठाने समुद्राकडे गेली, (तेथील गोदी पुढे, १८९२ साली खुली झाली.) फिलाडेल्फियात १८८६ साली पदवीसाठी त्यांनी प्रबंधाचा विषय घेतला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. ही निवड अर्थपूर्ण आहे. नवे शास्त्र शिकावयास गेलेली ही स्त्री जुन्या साक्षीकडे पाठ फिरवीत नाही, ती तपासावयास घेते.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री-विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. कोल्हापूरच्या गर्भवतींना आपले भय त्यांच्यापाशी बोलता आले नाही.