'नाही' म्हणायचा हक्क कोणाला?

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2 जुलै 2012 रोजी राज्यातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या आठांत अमरावती होती, अकोला नव्हतं. अकोल्यासह उरलेल्या जिल्ह्यांना ती 21 नोव्हेंबर 2013 रोजी मिळाली. मधले सोळा महिने अमरावती जिल्ह्यातल्या बडनेऱ्याच्या शेतकऱ्याकडे जे केशरी रेशनकार्ड होतं, तेच अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरच्या शेतकऱ्याकडेही होतं. दोघांत अंतर जेमतेम चाळीस किलोमीटरचं. पण हृदयाची झडप बिघडली तर एकाच्या कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाचा आधार होता, दुसऱ्यामागे घरातलं सोनं आणि सावकार.

या सोळा महिन्यांवरून अकोल्यातल्या एका घरात मावशी-भाच्याची जुंपली. मावशीची नोकरी खेड्यापाड्यांत आरोग्यसेविका म्हणून झालेली. भाचा अमरावतीत आरोग्य विम्याच्या पॉलिसी विकतो.

"मावशी, ते सोळा महिनेच माझं उत्तर आहे," भाचा म्हणाला. "अकोल्यात मेडिकल कॉलेज 2002 पासून आहे, सर्वोपचार रुग्णालय आहे. तरी मोठं ऑपरेशन निघालं की माणसं नागपूरची गाडी धरत. योजनेचं कार्ड आलं तेव्हा कुठं गरिबाला खासगी दवाखान्यात हक्कानं भरती होता आलं."

"हे खरं हाय," मावशी म्हणाली. "पण भरती होईस्तोवर तुह्यं कार्ड काय कामाचं? बीपीची गोळी रोज लागते. ती त्यात भेटते का? गरोदर बाईचं रक्त कमी हाय, हे पाह्याले तिच्या घरी कोण जाते?"

मावशीनं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. जीवनदायीचं नाव 2017 मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना झालं. 28 जुलै 2023 च्या शासन निर्णयानं ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली केली आणि रक्कम पाच लाखांवर नेली. पण तिचा गाभा आजही भरती झालेल्या रुग्णाचे ठरावीक उपचार हाच आहे. मेळघाटातलं कमी वजनाचं बाळ त्या यादीत शिरण्याआधीच हातचं जातं. तिथल्याच बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी, उतावलीला डॉ. आशिष सातव यांनी आयुष्य घातलं, कारण तिथं आधी डॉक्टर हवा होता; बिल कोण भरणार हा प्रश्न त्यानंतरचा.

भाचा हटला नाही. "डॉक्टर हवा, कबूल. पण सरकारनं जागा मंजूर केली म्हणजे डॉक्टर येतो का? खासगीवाला रुग्ण हातचा जाईल या भीतीनं तरी नीट वागतो. रुग्णाच्या हातात पैसा द्या, दवाखाने त्याच्यामागे येतील."

"आणि तुह्या कंपनीचं काय? आजार आधीपासून असला तर थांबा म्हंते ना?"

"थांबायची कमाल मुदत 2024 मध्ये चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणली. पण ती अट लबाडी नाही, मावशी. प्रत्येक जण आजारी पडल्यावरच विमा घ्यायला लागला, तर द्यायला पैसा कुठून आणायचा?"

हा युक्तिवाद पक्का आहे, आणि त्याला तितकंच पक्कं उत्तर विदर्भानंच दिलेलं आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाभोवतीच्या गावांत डॉ. उल्हास जाजू यांनी ऐंशीच्या दशकात ज्वारीवर चालणारा आरोग्य विमा उभा केला. सुगीला ज्वारी जमा व्हायची. ज्याची शेती जास्त त्याची ज्वारी जास्त, भूमिहीनाची कमी. गावातली बहुतेक घरं एकत्र आली तरच योजना चालायची. धडधाकट माणूस बाहेर आणि आजारी तेवढा आत, असं होण्याला वावच नव्हता. ऐपतीप्रमाणे द्यायचं आणि गरजेप्रमाणे घ्यायचं, हेच तत्त्व देशपातळीवर नेलं की करातून चालणारी आरोग्यसेवा होते. ब्रिटननं 5 जुलै 1948 पासून ती चालवली आहे. तिथल्या लांबलचक प्रतीक्षा याद्याही त्याच व्यवस्थेच्या आहेत.

भाच्यानं मग कोलकात्याचा खटला काढला. 1992 मध्ये एक शेतमजूर रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, यंत्र नाही म्हणून त्याला परत पाठवलं. अखेर उपचार झाले ते खासगी रुग्णालयात, सतरा हजार रुपये खर्चून. "सांग आता, 'नाही' कोण म्हणालं?"

"सरकारीवालेच म्हणाले," मावशी म्हणाली. "पण कोर्टानं 1996 मध्ये त्याले भरपाई देली ना? सरकारी होते म्हणून त्याहिले जाब इचारता आला. तुह्या कंपनीनं 'नाही' म्हटलं त मी तिले काय दाखवू? तिचाच कागद."

वादाची खरी गाठ इथं आहे. तातडीचे उपचार नाकारणं म्हणजे घटनेच्या 21 व्या कलमातला जगण्याचा हक्क नाकारणं, असं सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालात म्हटलं, आणि तो हक्क शासनाविरुद्ध उभा राहतो. विमा कंपनीशी नातं कराराचं. करारात नसलेलं काही मागता येत नाही. खासगी रुग्णालय तर योजनेत यायचं की नाही, हेच स्वतः ठरवतं. पण सरकारी दवाखान्याचा नकार बहुधा तोंडीच असतो. मशीन बंद आहे, डॉक्टर रजेवर आहेत, पुढे घेऊन जा. त्या नकारावर सही कोणाचीच नसते.

पुन्हा शासनाचे निर्णयही एकसारखे लागत नाहीत. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. त्यात अमरावतीचं सुपर स्पेशालिटी आलं. अकोल्याचं सर्वोपचार वैद्यकीय शिक्षण विभागाचं, म्हणून त्या निर्णयाबाहेर राहिलं. रुग्णाला कुठला विभाग कोणाचा, याच्याशी काय घेणं?

"मग असं कर," भाचा म्हणाला. "कंपनी असो, खासगी असो, अमरावतीचं सरकारी इर्विन रुग्णालय असो, जो 'नाही' म्हणेल त्यानं कारण लिहून सही करून द्यायची."

"चालते. पण पैसा पहिले कुठं टाकशील? कार्डात का दवाखान्यात?"

"कार्डात. बायपासवाला दवाखाना बांधून होईस्तोवर थांबू शकत नाही."

"मी ग्रामीण रुग्णालयात रात्रीच्या डॉक्टरले देईन. 2017 मध्ये यवतमाळात फवारणीचं इष चढून वीसच्या वर माणसं गेली. साप चावला, फवारणी चढली, त गावातून माणूस पहिले सरकारी दवाखान्यातच नेते. तिथं रात्री डॉक्टर नसला त तुह्या कार्डाचे पाच लाख कोणाले देशील?"

भाच्याला ते पटलं, पण आपला क्रम त्यानं बदलला नाही. बायपासच्या रुग्णाला कोणती तारीख सांगायची, हे तो मावशीला विचारत राहिला. आणि मावशीजवळ सांगण्यासारखी तारीख नव्हती.