मागचा दिवा

आमच्या धरमपेठेतल्या घरासमोर एक जुनी पद्मिनी उभी असते. १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट म्हणून निघू लागलेली आणि पुढे राणीचे नाव धारण केलेली ही गाडी वडिलांनी १९८६ साली घेतली. ते गेले, गाडी राहिली. शाळामास्तराने मोटार बाळगावी याचेच शेजाऱ्यांना नवल. त्यातून ती अशी, की रात्री तिचे दिवे लागले आहेत की नाहीत, हे खाली उतरून पाहावे लागे!

चाळिशी उलटल्यावर माझी नजरही रात्री दगा देऊ लागली, तेव्हा मी मिस्त्रीकडे गेलो. त्याने दिवा उघडला, आतल्या आरशावरचा गंज दाखवला आणि म्हणाला, "सर, बल्बचा दोष नाही. स्विचमधून येता येता करंट मरून जाते. रिले लावू, बॅटरीतून सरळ वायर नेऊ, आरसा बदलू, मंग पाहा." त्याचे म्हणणे शास्त्राला धरून होते. तारेच्या बल्बला मिळणारा विजेचा दाब दहा टक्क्यांनी घटला, तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. पण मी दुकानात पांढरेशुभ्र एलईडी दिवे पाहून आलो होतो. "तेच बसव," मी म्हटले. "तुम्हाले दिसन सर, पण समोरच्याले काही दिसनार नाही," तो पुटपुटला. मास्तरांना दुसऱ्याचे ऐकण्याची सवय नसते.

पहिले आठ दिवस मी उगीचच अंधारात गाडी काढीत होतो. अंबाझरी रस्त्यावरच्या झाडांचे पानन् पान दिसू लागले. नवव्या दिवशी पहाटे समोरून सायकलवर येणारा एक दूधवाला डोळ्यांवर हात नेता नेता रस्त्याखाली गेला. कॅन उलटले, गुडघा फुटला. मी धावलो. तो भांडला नाही; डोळे चोळीत एवढेच म्हणाला, "दिवा लावला का डोये फोडले, बाप्पा?"

चूक कुठे होती, ते मिस्त्रीने नंतर समजावले. जुन्या दिव्याचा आरसा एका बारीकशा तारेसाठी घडवलेला असतो. तिच्या जागी दुसराच उजेड ठेवला, की किरणांची शिस्त मोडते आणि ते वर, सैरावैरा पसरतात. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत तर स्पष्ट आहे, की झोत इतका खाली वळवलेला असावा, की आठ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेले डोळे दिपू नयेत. सायकलवरच्या माणसाचे डोळे साधारण त्याच उंचीवर असतात.

दुधाचे पैसे दिले, पट्टी बांधून आणली. पण मन गप्प बसेना. माझा हेतू काय वाईट होता? मला नीट दिसावे, ते कोणी चाकाखाली येऊ नये म्हणूनच ना? शिवाय आज जो तो असले दिवे लावतो. मी एकट्यानेच मिणमिणता दिवा घेऊन त्यांच्या झोतात आंधळे व्हावे काय? हा युक्तिवाद खोटा नाही, म्हणूनच तो अवघड आहे. समोरच्याने मला दिपवले म्हणून मी त्याला दिपवायचे, माझ्यामुळे तिसऱ्याने चौथ्याला. शेवटी रस्ता उजेडाने भरून जातो आणि कोणालाच काही दिसत नाही. आणि या शर्यतीत सायकलवाल्याने काय लावायचे? तो शर्यतीत उतरलेलाच नाही. किंमत मात्र त्याने मोजायची!

एक तिसरा मार्ग होता, तो मला सुचलाच नव्हता. उजेड कमी, तर वेग कमी. माझ्या अधू नजरेची भरपाई मी माझ्या वेळातून करावी, दुसऱ्याच्या डोळ्यांतून नव्हे.

मी एलईडी काढून घेतले. मिस्त्रीने आधी सांगितले होते तेच केले; रीतसर ६०/५५ वॅटचे बल्ब बसवले, भिंतीसमोर गाडी उभी करून झोत खाली आणला. मग मागे जाऊन तो ओरडला, "सर, मागचा लाइट तर बंदच आहे! कईपासून?"

मला ठाऊक नव्हते. कित्येक महिने असेल. पुढच्या दिव्यांवर मी दीड महिन्याची बचत घातली आणि मागचा एक साधा बल्ब गेलेला मला कळला नाही. कारण उघड आहे. पुढचा दिवा मला दिसावे म्हणून असतो. मागचा, मी दुसऱ्याला दिसावा म्हणून. तो माझ्या जागेवरून कधीच दिसत नाही. माणसाच्या सद्गुणांचेही असेच असावे काय? ज्यांचा उजेड आपल्यावर पडतो ते आपण घासूनपुसून ठेवतो. ज्यांचा फक्त दुसऱ्याला उपयोग, ते कधी विझले याचा पत्ताही नसतो.

आजही समोरून झगझगीत झोत आला, की मी आधी माझा दिवा खाली करतो. दोन-तीन क्षण काही दिसत नाही. तेवढा वेळ गाडी हळू चालवतो. समोरचा दिवा खाली करतोच असे नाही.

आणि गाडी काढण्यापूर्वी मुलीला मागे उभी करून विचारतो, "लागला का ग?"

"लागला, बाबा."

या एका दिव्यापुरता मला दुसऱ्याच्याच डोळ्यांवर विश्वास ठेवावा लागतो.