दिसण्याचा हक्क

विरार ते चर्चगेट हे अंतर साठ किलोमीटरचे आहे. वसई-विरारच्या ज्या मुलाला क्रिकेटमध्ये नाव कमवायचे आहे, त्याला ते लहान वयातच कापावे लागते. हॅरिस शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेचे गाजणारे सामने आझाद मैदान, क्रॉस मैदान यांसारख्या ठिकाणी होतात, त्यामुळे तिथे खेळणाऱ्या शाळेत प्रवेश घेणे हीच पहिली पायरी ठरते. विरारचा पृथ्वी शॉ वडिलांबरोबर किटबॅग घेऊन लोकलने वांद्र्याच्या शाळेसाठी जात असे. २०१३ च्या नोव्हेंबरात आझाद मैदानावर त्याने ५४६ धावा केल्या. पालघरच्या शार्दुल ठाकूरने हॅरिस शील्डमध्ये एका षटकात सहा षटकार मारले, ते बोरिवलीच्या शाळेकडून. दोघेही पुढे भारताकडून कसोटी खेळले. त्यांच्या जिद्दीचे कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. पण ज्यांना रोजचा प्रवास झेपला नाही, ज्यांच्या घरात सोबत जायला कोणी मोकळे नव्हते, त्यांचा खेळ कोणी पाहिलाच नाही. मुलींच्या बाबतीत तर घरून परवानगी मिळण्यापासूनच प्रश्न सुरू होतो.

हे अंतर कमी करण्याचे एक साधन आता हाताशी आले आहे. वसईपासून पालघरपर्यंत टेनिस क्रिकेटच्या स्पर्धा यूट्यूबवर थेट दाखवल्या जातात. स्टँडवरचा कॅमेरा, पडद्यावर धावफलक आणि मराठी समालोचन एवढ्यावर गावचा सामना आखाती देशांत नोकरी करणाऱ्या गावकऱ्यापर्यंत पोचतो. शाळा-कॉलेजांचे सामने याच वाटेने जातील, जावेतही. वसईतल्या कॉलेजच्या गोलंदाजाची दहा षटके निवड करणाऱ्याला दादरला बसून पाहता आली, तर त्या मुलाच्या कितीतरी फेऱ्या वाचतील. म्हणूनच एक प्रश्न आजच विचारायला हवा. हे चित्रण कोणाच्या मालकीचे असेल?

सध्याचे व्यवहारी उत्तर सरळ आहे. मैदानाचे दार ज्याच्या ताब्यात, तो आयोजक हक्क विकतो आणि प्रक्षेपक ते विकत घेतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने प्रक्षेपण संस्थेला तिच्या प्रक्षेपणावर पंचवीस वर्षांचा हक्क दिला आहे. कलाकाराला स्वतःच्या सादरीकरणावर पन्नास वर्षांचा हक्क आहे. कलाकार म्हणजे कोण हे सांगताना कायद्याने नट, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, जादूगार आणि गारुडी यांचा नावानिशी उल्लेख केला आहे. खेळाडूचे नाव त्या यादीत नाही. ‘सादरीकरण करणारी अन्य कोणतीही व्यक्ती’ या मोघम शब्दांत त्याला बसवायचे, तर वाद घालावा लागेल. व्यावसायिक खेळाडू ही उणीव करारातून भरून काढतो, कारण त्याच्यामागे संघ, वकील आणि मानधन असते. सोळा वर्षांच्या विद्यार्थ्यापाशी यातले काहीच नसते.

विद्यार्थ्यांच्या खेळाचा बाजार पूर्ण वाढला की काय होते, हे अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलने दाखवले आहे. मैदानावरची गर्दी ओसरेल या भीतीने तिथल्या राष्ट्रीय कॉलेज क्रीडा संघटनेने अनेक वर्षे दूरचित्रवाणीवरच्या सामन्यांवर मर्यादा घातली होती. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांनी त्याविरुद्ध दावा लावला आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मक्तेदारी मोडली. विद्यापीठांचे गट स्वतःचे हक्क विकायला मोकळे झाले. २०२४ मध्ये अंतिम बाद फेरीतल्या संघांची संख्या चारवरून बारा झाली, आणि ईएसपीएन या क्रीडावाहिनीने या फेरीच्या सहा वर्षांच्या हक्कांसाठी ७८० कोटी डॉलरचा करार केला. खेळाडूंना मात्र स्वतःच्या नावाचा आणि छबीचा मोबदला घेण्याची मुभा २०२१ मध्ये मिळाली. विद्यापीठाने स्वतःच्या उत्पन्नातून खेळाडूला थेट वाटा द्यावा, यासाठी २०२५ ची न्यायालयीन तडजोड व्हावी लागली. विद्यापीठांना हक्क मिळाल्यापासून खेळाडूला वाटा मिळेपर्यंत एक्केचाळीस वर्षे लोटली.

याच पैशाने तिथला नकाशाही बदलला. पॅसिफिक किनाऱ्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गटातल्या दहा विद्यापीठांनी अधिक मोठ्या करारांच्या ओढीने आपला शंभरहून अधिक वर्षे जुना गट सोडला. लॉस एंजेलिसचे विद्यार्थी आता न्यू जर्सीच्या विद्यापीठाशी साखळी सामने खेळतात. दूरच्या खेळाडूला जवळ आणू शकणाऱ्या माध्यमाने विद्यार्थ्यांनाच खंडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला धाडले. पैसा येण्याआधी नियम ठरले नसतील, तर तंत्रज्ञान कोणत्या दिशेला ओढले जाते याचा हा धडा आहे.

आपल्याकडे असा बाजार कुठे आहे, असे कोणी म्हणेल. शालेय सामना पाहणार कोण? पण २०२२ मध्ये गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातल्या मोलीपूर गावात शेतमजुरांना रंगीत जर्सी घालून खोटी ‘आयपीएल’ यूट्यूबवर दाखवली जात होती आणि रशियातले लोक त्यावर पैसे लावत होते. खेळाडू अनोळखी असले तरी गिऱ्हाईक मिळते, एवढे त्यातून सिद्ध झाले. हे गिऱ्हाईक मुलांच्या सामन्यांपर्यंत पोचण्याआधी कुंपण घालायला हवे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चांगल्या प्रक्षेपणाला खर्च येतो, आणि मक्ता मिळाल्याशिवाय तो कोणी करणार नाही. २०१८ मध्ये ‘खेलो इंडिया’च्या शालेय स्पर्धा स्टार स्पोर्ट्सवर दिसल्या, ते मोठी वाहिनी सोबत होती म्हणूनच. हे मान्य करूनही मार्ग निघतो. थेट प्रक्षेपणाचा मक्ता खुशाल द्यावा, कारण त्याचे मोल त्या दिवसापुरते असते. सामना संपल्यावर उरलेल्या चित्रणाचा मक्ता मात्र कोणालाही देऊ नये. प्रत्येक खेळाडूला आणि शाळेला त्याची प्रत विनामूल्य मिळावी, आणि निवड चाचणीसाठी ती कुठेही दाखवण्याची मुभा असावी. आपलीच खेळी दाखवायला मुलाला कंपनीची परवानगी मागावी लागली, तर कॅमेऱ्याने त्याच्या वाटेवर आणखी एक नाका उभारला असे होईल.

यासोबत आणखी दोन अटी हव्यात. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या खासगी माहितीचा वापर करण्यापूर्वी पालकांची पडताळलेली संमती घ्यावी, असे २०२३ चा विदा संरक्षण कायदा सांगतो. तोच दंडक मुलांच्या छबीला लावावा. सामना दाखवण्याची संमती म्हणजे जाहिरातीत चेहरा वापरण्याची संमती नव्हे. शिवाय हक्कांतून येणाऱ्या पैशाचा ठरलेला हिस्सा ज्या गावांतून खेळाडू येतात तिथल्या मैदानांवर, खेळपट्ट्यांवर आणि मुलींच्या सामन्यांवर खर्च व्हावा. सामन्यांच्या वेळा परीक्षा पाहून ठरवाव्यात, जाहिरातदाराच्या सोयीने नव्हे.

ही मागणी आपल्या परंपरेला सोडून नाही. हीरो कप या क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणाच्या वादातून १९९५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले आणि तिचा वापर लोकहितासाठी व्हावा असे बजावले. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीबरोबर वाटून घेणे बंधनकारक केले. पण तो कायदा प्रेक्षकाचा विचार करतो. विद्यार्थी खेळाडूच्या बाजूने बोलणारा नियम अजून लिहिला गेलेला नाही.

आयपीएलच्या पाच वर्षांच्या हक्कांना ४८,३९० कोटी रुपये मिळाले, तेव्हा त्या लिलावात सगळ्या पक्षांकडे ताकद होती. विद्यार्थ्यांच्या सामन्यांना आज जवळजवळ किंमत नाही आणि म्हणूनच न्याय्य नियम करणे सोपे आहे. कोट्यवधींचा देकार समोर आल्यावर तोच नियम करायचा, तर न्यायालयाची पायरी चढावी लागेल. मुंबई शालेय क्रीडा संघटना, मुंबई विद्यापीठ आणि वसई-विरार महानगरपालिका यांनी आपापल्या स्पर्धांच्या नियमावलीत या अटी पुढच्या हंगामाआधी घालाव्यात. त्याला एक पान पुरेल आणि पैसा लागणार नाही. विरारच्या मुलाने आजवर आपला खेळ दाखवण्यासाठी वेळ, झोप आणि घरचे पैसे मोजले आहेत. आता तो दिसू लागणार असेल, तर त्या दिसण्यावर पहिला हक्क त्याचाच असला पाहिजे.