दीडशे घोडे आणि एक कारकून

माणसाने मोटार घ्यावी की नाही, हा प्रश्न आता तत्त्वज्ञानाचा राहिलेला नाही. तो आमच्या बँकेच्या वाहनकर्ज विभागाने केव्हाच निकालात काढला आहे. पण कोणती मोटार घ्यावी, हा मात्र अजून शुद्ध तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे, आणि गेल्या साली चार महिने मी तो सोडवत बसलो होतो. मी काही तत्त्वज्ञ नव्हे. नुसता बी.कॉम. आहे, आणि तेही सेकंड क्लास. पण बावीस वर्षं लोकांच्या मोटारींचे कर्जाचे अर्ज तपासणाऱ्या माणसाला स्वतःची मोटार घ्यायची वेळ आली, की त्याच्यात जे काही होतं त्याला तत्त्वज्ञानाशिवाय दुसरा शब्द नाही.

सुरुवात शोरूममध्ये झाली. तिथल्या टाय लावलेल्या पोराने मला 'सर' म्हटलं. बँकेत मला कोणी सर म्हणत नाही. 'ओ, किती वेळ?' एवढंच म्हणतात. त्यामुळे मी तिथेच अर्धा विरघळलो. गेलो होतो मी एक साधी, चार माणसांची, कमी खाणारी गाडी बघायला. त्या पोराने माझा दंड धरला आणि मला एका लालभडक धिप्पाड वस्तूपुढे उभं केलं.

"सर, ही स्पोर्टी एसयूव्ही."

एसयूव्ही म्हणजे स्पोर्ट युटिलिटी व्हेइकल. नावातच सगळा संसार आहे बघा! स्पोर्ट म्हणजे नवऱ्याची हौस, युटिलिटी म्हणजे बायकोची समजूत, आणि व्हेइकल म्हणजे पुढची सात वर्षं बँकेचा हप्ता.

"दीडशे घोड्यांचं इंजिन आहे, सर."

मी साताऱ्याचा माणूस. घोडे म्हटल्यावर आमच्या अंगात काहीतरी होतंच. शिवाजी महाराजांच्या घोडदळात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे आणि पाच हवालदारांवर एक जुमलेदार, म्हणजे जुमलेदाराच्या हाताखाली घोडी सव्वाशे. दीडशे घोडे म्हणजे मी जुमलेदाराहूनही पंचवीस घोड्यांनी वरचढ! पण त्याच फौजेतला दुसरा नियम मला घरी येताना स्कूटरवर आठवला. स्वतःचा घोडा घेऊन येतो तो शिलेदार, आणि ज्याला घोडा सरकारातून मिळतो तो बारगीर. माझ्या आर.सी. बुकावर बँकेचं हायपोथिकेशन लागणार, म्हणजे घोडे बँकेचे आणि वर बसणार मी. दीडशे घोड्यांचा का होईना, पण मी बारगीरच.

तरीही खोटं कशाला बोलू? त्या गाडीची टेस्ट ड्राइव्ह मी घेतली. हायवेला लागल्यावर त्या पोराने सांगितलं, "सर, आता जरा दाबा." मी दाबलं. पाठ सीटला चिकटली, पोटात गोळा आला आणि तोंडातून आपोआप 'आयला!' निघालं. फार तर आठ सेकंद असेल, पण बावीस वर्षांच्या नोकरीत मला एवढ्या वेगाने काहीच मिळालेलं नव्हतं. प्रमोशनसुद्धा नाही. घरी आल्यावर सौ. म्हणाली, "अहो, चेहऱ्याला काय झालंय? ताप आहे का?" मी म्हटलं, "नाही. गाडी बघून आलो."

"मग तापच आहे," ती म्हणाली.

रात्री जेवणं झाल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. कॉमर्सच्या माणसाचं हे असं असतं. इतर लोक प्रेमात पडले की कविता करतात, आम्ही पत्रक करतो. गाडीची किंमत चौदा लाख. त्यावर पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात 12 टक्के रस्ताकर, 1 लाख 68 हजार. विमा वगैरे धरून गाडी दारात येईपर्यंत साडेसोळा लाख. त्यातले दहा लाख कर्ज, 9 टक्क्यांनी, 84 हप्त्यांत. हप्ता 16,089 रुपये, म्हणजे नुसतं व्याज साडेतीन लाख. माझे स्वतःचे साडेसहा लाख मुदत ठेवीतून उठणार, त्यांचं बुडालेलं व्याज तीन लाख. सात वर्षांनी गाडी सहा लाखांना जाईल असं उदार मनाने धरलं, तरी घसारा साडेदहा लाख. पुढच्या वर्षांचा विमा, सर्व्हिसिंग, टायर हे सगळं मिळून पावणेचार लाखांवर. पेट्रोल लिटरला 105 रुपये धरलं आणि गाडी लिटरला बारा किलोमीटर चालली, तर आणखी तेवढंच.

आमचं फिरणं वर्षाला सहा हजार किलोमीटर. महिन्याला कऱ्हाड, कारण तिथे सासूबाई आहेत. वर्षाला दोनदा कोल्हापूर, कारण तिथे अंबाबाई आहे. बाकी घर ते बँक. सात वर्षांत 42 हजार किलोमीटर. मी भागाकार केला, आणि चुकला असेल म्हणून पुन्हा केला. दर किलोमीटरला अठ्ठावन्न रुपये! माझी बँक घरापासून तीन किलोमीटर. म्हणजे मला नुसतं कामावर जायला 174 रुपये आणि यायला 174. एवढ्यात साहेबांची बोलणी घरपोच मिळाली असती.

साध्या छोट्या गाडीचं पत्रकही मांडलं. किलोमीटरला सत्तावीस रुपये. दोहोंतला फरक सात वर्षांत तेरा लाखांच्या आसपास. सौ.ने तो आकडा माझ्या खांद्यावरून वाचला आणि एकच वाक्य बोलली, "पोरगी बारावीला आहे." बायकांना पत्रकं करता येत नाहीत असं कोण म्हणतं? त्या डायरेक्ट ताळेबंद वाचतात.

आता प्रश्न असा, की हौस कुठे सुरू होते आणि गरज कुठे संपते? मोठमोठ्या संतांना आणि विचारवंतांना ही रेघ नेमकी दाखवता आलेली नाही. पण आपल्या सरकारला आली आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून पेट्रोल गाडी लांबीला चार मीटरपर्यंत आणि इंजिन 1200 सीसीपर्यंत असेल तर जीएसटी 18 टक्के, त्याच्या वर गेली की 40 टक्के. म्हणजे चार मीटरपर्यंत माणूस गरजवंत, आणि त्यापुढे एक मिलिमीटर गेला की चैनखोर. त्याआधी जो सेस होता त्यात तर जमिनीपासूनची उंचीही मोजत. 170 मिलिमीटर! जमिनीपासून किती वर सुटलं म्हणजे माणूस हवेत गेला, हे इतकं अचूक कोणत्याही शास्त्रात सांगितलेलं नसेल.

शास्त्रावरून आठवलं. गाडीच्या निवडीवर सगळ्यात जुना ग्रंथ म्हणजे कठोपनिषद. थट्टा नव्हे. त्यात शरीराला रथ म्हटलं आहे, बुद्धीला सारथी, मनाला लगाम आणि इंद्रियांना घोडे. पण माझ्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. छोट्या नचिकेताने यमाच्या दारी मृत्यूचं रहस्य विचारलं, तेव्हा यमाने ते टाळायला त्याला काय काय देऊ केलं! शंभर वर्षं जगणारे पुत्रपौत्र, हत्ती, सोनं, घोडे, जमीन, आणि शेवटी वाद्यांसकट, रथांसकट सुंदर स्त्रिया. म्हणजे सनरूफ आणि म्युझिक सिस्टिमसह टॉप मॉडेलच की! नचिकेताने ते सगळं परत केलं. मग यमाने त्याला सांगितलं, की माणसापुढे श्रेय आणि प्रेय अशा दोन गोष्टी येतात. एक हिताची, एक आवडीची. शहाणा हिताची घेतो.

मला हे पटलं. फक्त एवढंच, की नचिकेत बिनलग्नाचा होता, वयाने लहान होता, आणि त्याने टेस्ट ड्राइव्ह घेतलेली नव्हती.

शिवाय श्रेयाची एक गंमत आहे. हिताच्या वस्तूला आपण 'भरवशाची' म्हणतो, आणि भरवशाच्या वस्तूकडे कोणी वळून बघत नाही. आपल्या भाषेने भरवशाच्या म्हशीलासुद्धा टोणगा दिला! वेळेवर सुरू होणारी, घाटात न तापणारी, कुठल्याही गावात दुरुस्त होणारी गाडी घेतली, तर शेजारी म्हणतात, 'बरी आहे.' मला त्या छोट्या गाडीबद्दल एकदम आपुलकी वाटायला लागली, कारण तिचं वर्णन ऐकताना मला माझीच गोपनीय नोंदवही वाचल्यासारखं झालं. बावीस वर्षांत बिघाड नाही, खप कमी, आवाज नाही, वेगाबद्दल न बोललेलं बरं. मग मनात आलं, की हा भरवसा माझा गुण आहे की नुसती भीती? मी कधी जोरात गेलो नाही तो संयमाने, की दाबायची हिंमत झाली नाही म्हणून?

हा प्रश्न मी अण्णांपुढे ठेवायचं ठरवलं. अण्णा म्हणजे माझे वडील. पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले, वय 78. त्यांनी जन्मभर एकच स्कूटर वापरली आणि तिच्या पेट्रोलचा हिशेब वहीत लिहिला. त्या वह्या अजून माळ्यावर आहेत. त्यांना मी शोरूममध्ये घेऊन गेलो. लाल गाडीची पायरी आणि अण्णांचा गुडघा यांचं काही जमेना. शेवटी मी एका बाजूने आणि त्या टायवाल्या पोराने दुसऱ्या बाजूने उचलून त्यांना आत बसवलं. अण्णा आत बसून समोर बघत राहिले. "उंच आहे," एवढंच म्हणाले.

घरी आल्यावर मी त्यांना पत्रक दाखवलं. मला वाटलं, अठ्ठावन्न रुपये वाचून ते मला वेड्यात काढतील. अण्णांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक ओळ तपासली.

"हिशेब बरोबर आहे," ते म्हणाले. "मीही एकदा असाच केला होता."

"कधी?"

"तुझ्या आईला कासला न्यायचं होतं तेव्हा. फुलं बघायला. स्कूटरवर तिला घाटाची भीती वाटायची. टॅक्सीवाल्याने सांगितलेला आकडा घेऊन रात्री मी हिशेब केला आणि म्हटलं, एवढ्यासाठी एवढे कशाला? रिटायर झाल्यावर निवांत जाऊ."

पुढचं मला ठाऊक होतं. अण्णा रिटायर झाले आणि वर्षभरात आईचे गुडघे गेले, मग दम लागायला लागला. 2019 साली ती गेली. साताऱ्याहून कास पंचवीस किलोमीटर आहे.

अण्णांनी कागद माझ्या हातात परत दिला. "तो हिशेब आजही बरोबरच आहे," ते म्हणाले, आणि वर्तमानपत्र उघडून बसले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. बी.कॉम.ला आम्हाला दोन तत्त्वं शिकवली होती. एक सावधगिरीचं तत्त्व. होऊ शकणारा तोटा आधीच धरा, पण नफा हातात पडेपर्यंत धरू नका. आपला सगळा मध्यमवर्ग या एका तत्त्वावर उभा आहे. आजार धरतो, महागाई धरतो, पोरीची फी धरतो. आनंद मात्र पावती हातात आल्याशिवाय जमेला घेत नाही. दुसरं तत्त्व म्हणजे चालू संस्था. धंदा पुढेही असाच चालत राहणार असं गृहीत धरूनच वह्या लिहायच्या. दुकानाला हे ठीक आहे हो. माणसाला कसं लागू पडावं? अण्णांची बेरीज चुकली नव्हती. गृहीत चुकलं होतं.

तेव्हा मला एवढं कळलं, की श्रेय आणि प्रेय यांत निवड करणं त्यामानाने सोपं आहे. अवघड हे ओळखणं आहे, की आपण ज्याला श्रेय म्हणतो आहोत ते खरंच हिताचं आहे, की नुसतं पुढे ढकलणं आहे. आणि याला उलटी बाजूही आहे. आईची हुकलेली कास दाखवून मी दीडशे घोडे मंजूर करून घेतले असते, तर ती माझ्या बावीस वर्षांतली पहिली लबाडी झाली असती. आईला गाडी नको होती, फुलं बघायची होती. त्याला दीडशे घोडे लागत नाहीत. एक रविवार लागतो.

शेवटी मी छोटी गाडी घेतली. चार मीटरच्या आतली, जमिनीला धरून असणारी, ऐंशी घोड्यांची. अण्णांना आत बसता येतं, आणि पोरीची फी जागच्या जागी आहे. मात्र घरखर्चाच्या वहीत मी एक नवीन खातं उघडलं आहे. नाव 'हौस'. किलोमीटरला वाचलेल्या एकतीस रुपयांतले पाच रुपये दर महिन्याला त्यात जातात, आणि नियम असा, की वर्षअखेर त्यात शिल्लक राहता कामा नये. शिल्लक राहिली तर ती बचत समजायची नाही, थकबाकी समजायची. सौ.ने खात्याला मंजुरी दिली. सही करण्याचे अधिकार मात्र तिने स्वतःकडे ठेवले.

दसऱ्याला गाडी आली. दसऱ्याला पूर्वी घोड्यांची पूजा होत असे, त्याप्रमाणे मी बॉनेटला झेंडूची माळ घातली आणि पुढल्याच रविवारी अण्णांना पुढच्या सीटवर बसवून यवतेश्वरच्या घाटाला लागलो. कासच्या पठारावर फुलं ओसरत आली होती. थोडी सोनकी होती, कुठे कुठे तेरडा. अण्णा कुंपणापाशी काठी टेकून बराच वेळ उभे राहिले. काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

परतताना त्यांनी विचारलं, "किती घोड्यांची म्हणालास ही?"

"ऐंशी."

"पुरे. आपल्याला काय अटकेला जायचंय?"

मी मान डोलावली. थोडा सरळ, मोकळा रस्ता लागला. नेहमीप्रमाणे मी चाळीसवर होतो. अण्णांनी समोर बघितलं, मागे बघितलं, कोणी नाही याची खात्री करून घेतली आणि हळूच म्हणाले,

"जरा दाब की."