न वाजलेली शिट्टी

निवाडा करणाराने जे केले त्याचा जाब आपण त्याला सहज विचारतो. जे केले नाही त्याचा जाब विचारावा की नाही, याविषयी मात्र आपले मत डळमळते. न्यायालयापेक्षा क्रीडांगणावर हा प्रश्न अधिक स्वच्छ दिसतो. कारण तेथे पंचाला विचारासाठी क्षणभराचाही अवधी नसतो, आणि निकाल हजारोंच्या डोळ्यांदेखत लागतो.

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलचेच उदाहरण घेऊ. २८ जानेवारी २०२३ रोजी बॉस्टन येथे सेल्टिक्स आणि लेकर्स हे संघ १०५-१०५ असे बरोबरीत होते. अगदी अखेरच्या क्षणी लेकर्सच्या लेब्रॉन जेम्सने बास्केटकडे झेप घेतली. जेसन टेटमचा हात त्याच्या हातावर बसला आणि चेंडू हुकला. नियमाप्रमाणे हा फाउल होता. जेम्सला दोन फ्री थ्रो मिळावयास हवे होते, आणि त्यांतील एक साधला असता तरी विजय जवळजवळ निश्चित होता. पण शिट्टी वाजली नाही. लेकर्सचा पॅट्रिक बेव्हर्ली एक कॅमेराच घेऊन पंचाकडे पुरावा दाखवावयास गेला, तेव्हा फाउल दिला गेला तो त्याच्यावरच! जादा वेळात सेल्टिक्सनी १२५-१२१ असा विजय मिळविला. पुढे चूक मान्य झाली. निकाल मात्र तसाच राहिला.

अशा प्रसंगी एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो : अटीतटीच्या सामन्यात अखेरीस पंचाने हात आवरता घ्यावा, सामना खेळाडूंनी जिंकावा, पंचाने नव्हे. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. चुकीच्या शिट्टीने न कमावलेला गुण पदरात पडतो. म्हणून शंका असताना गप्प राहणे हा संयम होय. परंतु शंका नसताना, केवळ क्षण मोठा आहे म्हणून गप्प राहणे ही टाळाटाळ होय. त्या रात्रीच्या पंचांवर आम्ही असा आरोप करीत नाही. त्यांच्या नजरेतून फाउल सुटला, आणि नजरचूक क्षम्य आहे. आक्षेप आहे तो या युक्तिवादावर. पहिल्या मिनिटाला जो फाउल, तो शेवटच्या मिनिटालाही फाउलच असला पाहिजे. पंचाच्या मौनाचा लाभ दोन्ही पक्षांना सारखा होत नसतो; ज्याने नियम मोडला त्यालाच तो होतो.

खुद्द त्या संघटनेलाही हे पटलेले दिसते. २०१५ पासून ती चुरशीच्या सामन्यांतील शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल प्रसिद्ध करते. त्यात दिलेल्या निर्णयांप्रमाणेच न दिलेल्या निर्णयांचीही योग्य आणि अयोग्य अशी नोंद असते. मौन हाही निर्णयच, याची याहून स्पष्ट कबुली कोणती?

मग निकाल का बदलत नाही? येथे आम्हां वकिलांना परिचित असा एक भेद उपयोगी पडतो. १९ डिसेंबर २००७ रोजी अटलांटा येथे मायामीच्या शकील ओनीलच्या नावावर नोंदकाने चुकून सहावा फाउल मांडला आणि त्याला बाहेर जावे लागले. मायामीची तक्रार मान्य झाली, यजमान संघाला ५०,००० डॉलर दंड झाला, आणि ८ मार्च २००८ रोजी शेवटचे ५१.९ सेकंद पुन्हा खेळविण्यात आले. तोवर ओनील दुसऱ्या संघात गेला होता, हा दैवाचा विनोद! ती चूक कागदावरची होती. बॉस्टनची चूक नजरेची. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ४७ व्या आदेशातही निकालाच्या पुनर्विलोकनास अभिलेखावर उघड दिसणारी चूक हे एक कारण आहे. न्यायाधीशाने पुरावा निराळा वाचावयास हवा होता, एवढे म्हणणे पुरत नाही. प्रत्येक नजरचुकीसाठी सामना पुन्हा मांडावयाचा तर कोणताच सामना संपणार नाही.

तथापि निकाल अंतिम आहे याचा अर्थ तो बरोबर होता असा नव्हे. अंतिमता ही व्यवहाराची गरज आहे. सत्य ही निराळी गोष्ट आहे. दुसऱ्या दिवशीच्या कबुलीने हरलेल्याला काय मिळाले, असे विचारले जाते. त्याला सामना मिळाला नाही हे खरे. पण आपली तक्रार खोटी नव्हती, हे त्याला मिळाले. हरलेल्या पक्षकाराला एवढे तरी देणे प्रत्येक न्यायासनाला शक्य असते, आणि आमच्या मते ते त्याचे कर्तव्यही आहे.